डबा कुणाच्या घरचा

त्या गावात म्हाताऱ्यांना डबे द्यायचं काम सुरू झालं ते एका मेलेल्या माणसाच्या वासामुळे. शाळेच्या मागच्या गल्लीत एक म्हातारा एकटाच राहायचा. बायको गेलेली, पोरं पुण्याकडे कंपनीत. तो नेमका कधी मेला ते कुणालाच सांगता आलं नाही. वर्गातली पोरं नाकाला हात लावून बसायला लागली तेव्हा मास्तरांनी जाऊन दार ढकललं. आतून कडी नव्हतीच. म्हणजे कुणीही, कधीही आत जाऊ शकलं असतं.

मी तेव्हा परभणीतल्या एका संस्थेत कामाला होते. गावोगावच्या बायकांचे गट उभे करायचे, त्यांनी जे काम हाती घेतलं त्याला हातभार लावायचा, भांडणं झाली की मध्ये बसायचं, हे माझं काम. हे गाव ताडकळसच्या पुढं, फाट्यावरून आत. जीप फाट्यावर सोडायची, तिथून कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून जायचं, नाहीतर चालत.

म्हाताऱ्याचं सगळं उरकल्यावर गटाची बैठक शाळेच्या वऱ्हांड्यात भरली. गटाची अध्यक्ष एका शेतकऱ्याची बायको होती, बोलायला खणखणीत. ती म्हणाली, "ताई, आपल्या गावात माणूस सडून मरतंय आन् आपुन हितं बैठका घ्यायलोत. मला तर लाज वाटायली." मग तिनंच सुचवलं. पोरं बाहेर गेलेली, एकटी पडलेली जेवढी म्हातारी माणसं गावात आहेत, त्यांना गटातल्या बायकांनी वाटून घ्यायचं. रोज एक वेळचा डबा. डबा द्यायला गेलं की माणूस जिवंत आहे की नाही तेही कळतं.

मी अशा बैठका पुष्कळ पाहिल्या होत्या. बायका हो हो म्हणतात आणि घरी जाऊन विसरतात. पण त्या दिवशी तसं झालं नाही. वासाची आठवण ताजी होती. प्रत्येकीनं एकेक घर मागून घेतलं.

मोठ्या गल्लीतली एक म्हातारी मात्र कुणी मागेना. तिच्या तोंडाचा पट्टा गावाला माहीत होता. एकेकाळी घरात गडीमाणसांचा राबता, आता दोन लेक बाहेरगावी आणि ही बाजेवर. पडल्यामुळं खुब्याचं हाड मोडलेलं, बसूनच सरकायची. तेव्हा वऱ्हांड्यातून एकीनं हात वर केला. "माझ्याकडं द्या. माझ्या वाटंवर हाय घर."

तिला सगळे अक्का म्हणत. ती बौद्ध वस्तीतली. वस्तीतल्या आणखी काही बायका गटात होत्या, पण त्या कडेला, चपलांजवळ बसायच्या. अक्का मध्येच येऊन बसायची आणि कुणी सरकलं तर आणखी फैलावून बसायची. उभं आयुष्य दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात गेलेलं. त्यातली पहिली काही वर्षं याच म्हातारीच्या रानात. मी विचारलं, "चालेल का तिला?"

"चालंल की. भूक लागल्यावर समद्याला चालतंय," अक्का म्हणाली.

मला शंका होती, आणि तिला कारण होतं. गावातल्या एकट्या माणसांना भेटत फिरताना मी म्हातारीकडं जाऊन आले होते. बसल्याबरोबर तिनं विचारलं, "कोनाची गं तू?" मी सांगितलं. माझे वडील परभणीत सरकारी कचेरीत कारकून होते, आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, हे आमच्या घरात कुणी दडवून ठेवत नाही. म्हातारीनं मला खालून वरपर्यंत पाहिलं. माझी पर्स, मनगटावरचं घड्याळ, पायातल्या चपला. मग म्हणाली, "तुमी शिकलेल्या लोकाचं येगळं असतंय." आणि मी नेलेल्या पुड्यातली बिस्किटं चहात बुडवून खाल्ली. चहाही मीच केला होता, तिच्याच चुलीवर. शहरातून आलेल्या, कधीतरी कुठल्या साहेबाकडं शब्द टाकू शकणाऱ्या बाईच्या हातचं चालत होतं. तिच्या रानात वाकून खुरपलेल्या बाईचं चालणार होतं का, हे त्या बिस्किटांवरून कळायला मार्ग नव्हता.

पहिल्या दिवशी मी अक्काबरोबर गेले. अक्कानं डब्यात वरण, दोन भाकऱ्या आणि वांग्याची भाजी आणली होती. भाकरी मऊ राहावी म्हणून ओल्या फडक्यात बांधलेली, कारण म्हातारीला दात नव्हते. अंगणात उभं राहून अक्का म्हणाली, "आजी, डबा आनलाय."

म्हातारी दारात सरकत आली. "ठिव तितं," तिनं बोट केलं ते पायरीच्याही खाली. अक्कानं ठेवला. म्हातारीनं काठीनं डबा स्वतःकडं ओढला, झाकण काढलं आणि अंगणात लोळत पडलेल्या कुत्र्याला यू यू करून बोलावलं. वरण, भाजी सगळं पायरीवर ओतलं. भाकरी फडक्यासकट टाकली. कुत्रं आलं आणि खायला लागलं. म्हातारी ते संपेपर्यंत बघत राहिली. घाईत नव्हती. मग काठीनं डबा परत ढकलत म्हणाली, "त्यानं खाल्लं बग. त्याला चालतंय. आता भांडं उचल आन् जा. फडकंबी घेऊन जा, हितं घान नको."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. अक्कानं माझा दंड धरला. तिनं डबा उचलला, कुत्र्याच्या तोंडातून फडकं ओढून घेतलं, झटकलं आणि आम्ही निघालो. वस्तीच्या हापशावर तिनं तो डबा राखेनं घासला, पुन्हा घासला, आणि उन्हात उपडा घालून घरात निघून गेली.

पुढच्या बैठकीत मी विषय काढला. म्हणाले, एकीच्या हातचं नको असेल तर गटाचाच डबा बंद करू, गट एक आहे. अध्यक्षबाई चिडली. "म्हंजे म्हातारीला उपाशी मारायचं का ताई? तिच्या डोक्यात जे हाय ते आता जळनातच जाईल. आपुन शहानं व्हायचं." बायकांनी मान डोलावल्या. शेवटी असं ठरलं की म्हातारीचा डबा अध्यक्षबाईनं द्यायचा आणि अक्कानं वस्तीतल्याच एका आजारी माणसाला. म्हणजे जिथल्या तिथं. अक्का म्हणाली, "बरं." मी तिच्याकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

दिवाळी झाली. ऊसतोडीच्या गाड्या भरून गेल्या, गावातली निम्मी घरं कुलपात गेली. परभणीकडची थंडी हाडात शिरणारी. गटातल्या पुष्कळ बायका बाहेर गेल्यामुळं उरलेल्यांवर दोन-दोन घरं आली. त्यातच अध्यक्षबाईचा उजवा हात मळणीच्या यंत्रापाशी पिचला आणि प्लॅस्टरमध्ये गळ्यात आला. तिच्या घरी सून नव्हती. नवरा हॉटेलातून भजी आणून खायचा. म्हातारीला दोन दिवस डबा गेला नाही.

हे कळल्यावर अक्का अध्यक्षबाईकडं गेली. मी तिथंच, प्लॅस्टर बघायला आले होते. अक्का चौकटीला टेकून म्हणाली, "मी रांधते. तुमी निऊन द्या. तुमच्या डब्यात भरू."

अध्यक्षबाई आधी दचकली आणि मग खुदकन हसली. "आन् कळलं तर?"

"तुमी सांगनार हाव का? मी सांगनार हाय का?"

मला ते आवडलं नव्हतं आणि मी तसं बोलले. म्हणाले, "अक्का, तुझा अपमान केला तिनं. वर तूच लपून तिला खाऊ घालणार?" अक्कानं माझ्याकडं जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "ताई, उपाशी हाय ती. तुमी मधात पडू नका." मी मधात पडले नाही. म्हातारीला डबा द्यायचा हा गटाचा निर्णय होता आणि एका बाईनं स्वतःहून अंगावर घेतलेलं काम होतं. ते थांबवायला माझ्याकडं तिच्या भाकरीहून चांगलं काही नव्हतं.

तेव्हापासून अक्का रोज सकाळी अध्यक्षबाईच्या मागल्या दारी डबा पोचवायची आणि अध्यक्षबाई तो डाव्या हातात धरून पुढच्या दारानं म्हातारीकडं न्यायची. गटातल्या सगळ्या बायकांना हे माहीत होतं. बैठकीत त्यावर हसणं व्हायचं, कारण म्हातारीला जेवण फार आवडायला लागलं होतं. म्हातारी अध्यक्षबाईला सूनबाई म्हणायची, आणि अध्यक्षबाई तिची नक्कल करून दाखवायची. "सूनबाई, तुझ्या हाताला आता चव आली बग. आदी लय पानचट करायचीस." सगळ्या पदर तोंडाला लावून हसायच्या. अक्काही हसायची. भाजलेल्या डाळी-ज्वारीचं, मसाला घालून दळलेलं येसर तिच्या घरी असायचं. त्याची आमटी म्हातारी बोटानं वाटी पुसून खायची म्हणे. अंबाडीची भाजी तर मागून घ्यायची.

एकदा अध्यक्षबाईनं हसत हसत आणखी एक सांगितलं. म्हातारीकडं कुणीही आलं, की ती कुत्र्याची गोष्ट सांगते. अजून सांगते. पाहुणा येवो, पोस्टमन येवो. कशी ती आली, कसा मी डबा ओढला, कुत्र्यानं कसं मिटक्या मारत खाल्लं. "आन् हे समदं सांगताना तोंडात घास कोनाचा, तर आपल्या अक्काचा!" अध्यक्षबाईच्या मते ही त्या गमतीतली सर्वांत मोठी गंमत होती. बायका खूप हसल्या. अक्का त्या दिवशी हसली नाही. कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

संक्रांत होऊन गेली होती. मी गावात होते आणि अध्यक्षबाईनं मला म्हातारीकडं चला म्हणून ओढलं. अक्का डबा घेऊन आली होती. अध्यक्षबाईचा हात त्या दिवशी ठणकत होता, म्हणून ती अक्काला म्हणाली, "चल दारापर्यंत, पुढं ताई घेतील." आम्ही तिघी गेलो. अक्का अंगणात थांबली. मी डबा आत नेला, ताटात वाढलं. येसराची आमटी, कुस्करलेली भाकरी, अंबाडी. म्हातारी जेवायला बसली. थंडीत तिचे गाल भरले होते. खरंच भरले होते. दिवाळीत कवटीला कातडं चिकटलेलं होतं, ते आता माणसाचं तोंड दिसत होतं.

दोन घास खाऊन तिची नजर दारातून बाहेर गेली. "ती कोन उभी हाय? ती न्हवं का ती?" तिनं अक्काला ओळखलं. "सूनबाई, तिला म्हनावं उंबऱ्यापासून लांब हो. सावली आत यायली." मग ती माझ्याकडं वळली, चेहऱ्यावर मजा आल्यासारखी. "बाई, तुला सांगते का मी? हिनंच एक दिस डबा आनला व्हता माझ्यासाठी." मी त्या दिवशी तिथंच उभी होते, हे ती विसरली होती. तिनं सगळी गोष्ट सांगितली. आमटी ओरपत, मध्ये थांबून बोट चाटत सांगितली. कुत्र्यानं भाकरी कशी ओढली ते हातानं करून दाखवलं. मग मोठ्यानं हसली आणि अंगणाकडं बघून म्हणाली, "याद हाय का गं तुला?"

"याद हाय आजी," अक्का म्हणाली. ती चालत आली आणि उंबऱ्याच्या आत पाय ठेवला. "आमटी कशी झाली?"

म्हातारीला काही कळेना. "तुला काय करायचंय आमटीचं? भाईर व्हय आदी."

"अक्का, नको," अध्यक्षबाई हळूच म्हणाली.

"येसर माझ्या घरचं हाय," अक्का म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. शेजारणीला सांगावं तसं सांगत होती. "भाकरी माझ्या तव्यावरची. अंबाडी मी खुडली. आजचंच न्हाई. थंडी पडल्यापासून तुमी माझ्याच घरचं खायलाव. यांचा हात मोडलाय, यांनी कुटं रांधलं?"

म्हातारीनं अध्यक्षबाईकडं पाहिलं. खोटं म्हण, एवढंच त्या नजरेत होतं. अध्यक्षबाईनं मान खाली घातली आणि ते उत्तर झालं.

पुढं जे झालं ते मी विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही. म्हातारीनं ताट लोटलं नाही, शिवी दिली नाही. तिनं दोन बोटं घशात घातली. उमासे आले, डोळ्यांतून पाणी आलं, सगळं अंग बाजेवर हिंदकळलं, पण बाहेर काही पडलं नाही. पुन्हा बोटं घातली. मी तिचा हात धरायला गेले, तिनं मला कोपरानं ढकललं. तोंडातून नुसती लाळ गळत होती.

अक्का उभी राहून बघत होती, म्हातारीनं कुत्र्याकडं पाहिलं होतं तशीच, बिनघाईनं. मग म्हणाली, "न्हाई निघनार आता ते. अंगाला लागलंय. गाल बघा की तुमचे, केवढे भरलेत. ते मीच हाय." आणि वळून निघून गेली.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगायला हवं. मला बरं वाटलं. आत कुठंतरी, माझ्याही आज्या-पणज्यांनी ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यायलं होतं तिथं कुठंतरी, फार बरं वाटलं. आणि समोर एक मोडक्या हाडाची म्हातारी लाळ पुसत हुंदके देत होती, तिच्याकडं बघवतही नव्हतं. दोन्ही एकाच वेळी होतं. एकानं दुसरं कमी झालं नाही.

म्हातारीनं जेवण सोडलं. अध्यक्षबाईच्या हातचं तर नाहीच, कुणाच्याच हातचं नाही. नुसतं पाणी. कुणीतरी लेकांना फोन केला आणि थोरला लेक गाडी करून पुण्याहून आला. शिकलेला माणूस, बोलणं मऊ. त्यानं शाळेच्या वऱ्हांड्यात गटाला बोलावून घेतलं. मलाही.

"आम्ही जातपात मानत नाही," तो म्हणाला. "माझ्या ऑफिसात सगळे एकत्र जेवतो आम्ही. पण आईचं वय बघायला नको का? म्हाताऱ्या माणसाला फसवून खाऊ घालायचं आणि वर तोंडावर सांगून तिचे हाल करायचे, याला समाजसेवा म्हणतात?" मग माझ्याकडं वळून, "मॅडम, तुमच्या संस्थेत कोणाशी बोलायचं ते मला माहीत आहे."

मी म्हणाले, "आईंना घेऊन का जात नाही?"

"फ्लॅट लहान आहे आणि लिफ्ट नाही," तो म्हणाला. "ते जाऊ द्या. त्या बाईनं आईची माफी मागावी. आईच्या मनाला बरं वाटेल, ती जेवेल. एवढंच माझं म्हणणं आहे."

तो ग्लुकोजच्या बिस्किटांचा एक खोका आईच्या उशाशी ठेवून त्याच दिवशी परत गेला. पण जाताना त्यानं अध्यक्षबाईच्या नवऱ्याला बाजूला घेतलं होतं. लेकाचं रान हाच नवरा बटईनं, अर्ध्या वाट्यावर, करत होता.

मग गटाची बैठक झाली. आजवर मी घेतलेली ही सर्वांत वाईट बैठक. अक्का नेहमीसारखी मध्ये येऊन बसली. तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका उठून पलीकडं गेल्या. अध्यक्षबाई माझ्याकडं न बघता म्हणाली, "अक्कानं जाऊन पाया पडावं. दोन शब्द बोलावं. म्हातारी मेली तर पाप समद्या गटाला लागंल."

"माफी कशाची मागायची?" मी विचारलं. "जेवू घातल्याची?"

"सांगितल्याची," एक बाई म्हणाली.

"तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं. इथंच बसून हसत होता तुम्ही."

मग अध्यक्षबाईच बोलली, आणि ती खोटं बोलली नाही. "ताई, तुमी सांच्या जीपनं परभणीला जाताव. आमाला हितं राहायचंय. माझ्या मालकाचं रान जाईल. गुपचूप चाललं व्हतं, कोनाचं काय बिगडलं व्हतं? म्हातारी खायली, अक्का खाऊ घालायली, समदं झ्याक. हिला काहून खाज आली सांगायची?"

अक्कानं एकेकीच्या तोंडाकडं पाहिलं. वस्तीतल्या इतर बायका चपलांजवळ मान घालून बसल्या होत्या. त्यांच्याकडंही पाहिलं. "तुमचं काय म्हननं हाय?" तिनं त्यांना विचारलं. त्यांच्यातली एक पुटपुटली, "मजुरी त्याइच्याच रानात हाय आमची, अक्का."

"बरं," अक्का म्हणाली. "मी पाया पडनार न्हाई. गट तुमाला ठिवा."

मी हात वर करायला लावले नाहीत, तरी ते झालंच. माझ्याकडं न बघता, एकामागून एक हात वर गेले. अक्का गटात नको. ज्या बैठकीची रीत मी त्यांना शिकवली होती, त्याच रीतीनं त्यांनी तिला बाहेर काढलं. सगळ्यांना बोलू दिलं, मग बहुमत घेतलं.

संस्थेत मी सगळं सांगितलं. आमच्या साहेबांनी शांतपणं ऐकून घेतलं. म्हणाले, "वाईट झालं. पण जिल्ह्यात हा आपला चांगला गट आहे. एका व्यक्तीसाठी गट मोडता येत नाही. तुम्ही जरा लांब राहा त्या बाईपासून." मी म्हणाले, मग त्या गटाला दुसरी कार्यकर्ती द्या. त्यांनी दिली. पुढच्या काही महिन्यांत मला पाथरीकडची गावं दिली गेली, म्हणजे लांब, आणि ते मुद्दाम होतं हे मला कळत होतं.

तरी रविवारी मी माझ्या पैशानं जायचे. अक्कानं वस्तीत स्वतःच काम सुरू केलं होतं. वस्तीतही एकटी म्हातारी माणसं कमी नव्हती, आणि त्यांच्याकडं गटाचे डबे पहिल्यापासून नावालाच पोचत होते. बैठकीत मान घातलेल्या बायका आता एकेक करून तिच्या चुलीकडं आल्या. अक्कानं त्यांना यायला दिलं, पण गोड बोलून नाही. जी "मजुरी" म्हणाली होती तिला अक्का आल्या दिवसापासून खरकटी भांडी देत असे, आणि ती मुकाट घासत असे. मी म्हणाले, पुरे आता. अक्का म्हणाली, "घासू द्या. हात मोडले न्हाईत तिचे."

म्हातारी मेली नाही. बिस्किटं पाण्यात भिजवून खात राहिली, आणि नंतर अध्यक्षबाईचा हात बरा झाल्यावर तिच्याकडचा डबा घ्यायला लागली. पण प्रत्येक डब्याला विचारायची, "कोनाच्या घरचं?" अध्यक्षबाईला पोराच्या डोक्याची शपथ घ्यायला लावायची. एका लेकराच्या शपथेनं भागत नसे, सगळ्यांची नावं घ्यायला लावायची. रोज. अध्यक्षबाई मला एकदा ताडकळसच्या बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, जीव नकोसा केलाय तिनं." मी कोथिंबीर निवडत राहिले. माझ्या तोंडून सहानुभूतीचा शब्द निघाला नाही.

उन्हं तापायला लागली तेव्हा म्हातारी गेली. शेवटी गालांची पुन्हा खोबणी झाली होती म्हणे. लेकांनी तेराव्याला गाव जेवू घातलं. वस्तीला शेवटच्या पंगतीचं बोलावणं होतं, वेगळ्या बाजूला. पुष्कळ जण गेले. अक्का गेली नाही. मी तिला विचारलं, "तुला कधी पस्तावा होतो का, तेव्हा बोललीस त्याचा?"

"व्हतो," ती म्हणाली. "लवकर बोलाया पायजे व्हतं."

यंदाच्या पावसाळ्यात मोठ्या गल्लीतला एक म्हातारा काठी टेकत वस्तीत आला. लेक-सून हैदराबादकडं कामाला, गावातला गट तोवर नावापुरता उरलेला. त्याचं धोतर ओलं होतं, पाय थरथरत होते. तो अक्काच्या अंगणाच्या तोंडाशी उभा राहून म्हणाला, "बाई, मला एक डबा द्यायलीस का घरी? आंधार पडल्यावर दिलास तरी चालंल."

चुलीपाशी सगळ्या बायका थांबल्या. मी तिथंच भाजी चिरत होते. अक्का उठली, रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली, जिथून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल तिथं, एक पोतं टाकलं. "घरी डबा येनार न्हाई. हितं बसायचं, हितंच खायचं. समद्यांसमोर."

"अक्का, पाय बघ त्यांचे," मी म्हणाले. "रोज एवढं चालवेल का?"

"आले की आता चालत."

"हे फार कडक होतंय."

"व्हऊ द्या कडक," ती म्हणाली. "ताई, मला आता लपून चांगुलपना करायचा न्हाई. ज्याला माझ्या हातचं खायचंय त्यानं उजेडात खावं."

म्हातारा बराच वेळ काठीवर भार देऊन उभा राहिला. रस्त्यावरून त्याच्याच गल्लीतली दोन पोरं मोटारसायकलवर गेली, वेग कमी करून, मागं वळून बघत. ती दिसेनाशी झाल्यावर तो पोत्यावर बसला. अक्कानं ताट वाढलं. त्यानं शेवटचा घास संपेपर्यंत मान वर केली नाही.

तो अजून येतो. काही दिवशी मात्र रस्त्यावर कुणी ओळखीचं उभं दिसलं की वळणावरूनच परत फिरतो. त्या दिवशी तो उपाशी राहतो. अक्काला ते दिसतं. ती त्याला हाक मारत नाही. दुपार टळली की त्याचं ताट उचलते आणि पुढच्या माणसाला वाढते.